व्हाया मुंबई

तुमसरच्या एखाद्या राइस मिलवाल्यानं भंडाऱ्यातल्या पितळी भांड्यांच्या व्यापाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, तर दोघांमधलं अंतर रस्त्यानं तीसेक किलोमीटर. वाटेत मोहाडी लागते, वरठी लागते. एसटीनं निघालेला माणूस तासाभरात पोचतो, मध्ये एखादा ओळखीचा भेटला तर दोन तासांत. आता असं धरू, की मिलवाल्याच्या दुकानात एका कंपनीचं फायबर आहे आणि व्यापाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीचं. हे धरायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. हल्ली एकाच विजेच्या खांबावर तीन कंपन्यांच्या वायरी एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या असतात. तर मिलवाल्याचं ‘हॅलो’ मोहाडीवरून जाईल का? जाणार नाही. ते बहुधा आधी नागपूर गाठेल, मग अख्खं वऱ्हाड ओलांडून मुंबईला जाईल, तिथल्या एखाद्या थंडगार इमारतीत एका कंपनीच्या यंत्रातून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात उडी मारेल आणि आलेली वाट उलटी तुडवत भंडाऱ्याला पोचेल. तीस किलोमीटरच्या कामासाठी अठराशे किलोमीटरचा प्रवास. त्या ‘हॅलो’ला प्रवासभत्ता मिळत असता तर कोणत्याही लेखापरीक्षकानं ते बिल लाल शाईनं परत पाठवलं असतं.

हे ऐकल्यावर दोन प्रकारची माणसं दोन प्रकारे बोलतात. श्रद्धाळू म्हणतात, कॉम्प्युटरनं काहीतरी विचार करूनच ही वाट काढली असेल, आपल्याला काय कळतं त्यातलं. संशयवादी म्हणतात, घ्या, विदर्भाचं इंटरनेटसुद्धा मुंबईला नेलं. दुसरं स्पष्टीकरण अनुशेषाच्या यादीत आणखी एक ओळ घालण्याइतपत मोहक आहे. नागपुरात झिरो माईलचा दगड उभा आहे, देशाचा मध्य तिथे असल्याचं पोरांना सांगितलं जातं. आणि त्या मध्यापासून तासाभरावर राहणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांशी बोलायला देशाच्या काठापर्यंत जायचं, यात अन्याय शोधायला कष्ट पडत नाहीत. तरीही दोन्ही स्पष्टीकरणं चुकीची आहेत. वाट निवडणाऱ्या यंत्रानं खोल विचार केलेला नाही, आणि त्याला भंडाऱ्याशी वैरही नाही, कारण भंडारा कुठे आहे हेच त्याला ठाऊक नाही. त्याच्याजवळ नकाशा नसतो. असते ती हिशेबवही. माझं म्हणणं एवढंच आहे, की इंटरनेटवरची वाट ही भूगोलाची बाब नसून कोण कोणाला पैसे देतो याची बाब आहे. आणि ही हिशेबवही दिसते तितकी बिनडोक नाही, हेही याच दमात सांगून टाकतो, म्हणजे संशयवाद्यांना नाराज व्हायला पुरेसा वेळ मिळेल.

नकाशा बघून जवळची वाट काढण्याचं शास्त्र माणसाला येत नाही असं नाही. १९५६ साली एड्सखर डाइकस्ट्रा नावाचा डच तरुण होणाऱ्या बायकोबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदी करून दमला आणि एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी पीत बसला. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायची सर्वांत जवळची वाट कशी शोधावी, हे त्यानं तिथे कागद-पेन्सिलीशिवाय वीस मिनिटांत सोडवलं. (खरेदीच्या वेळी बाहेर बसणाऱ्या पुरुषवर्गानं मानवजातीला दिलेली ही बहुधा एकमेव देणगी.) १९५९ साली ती रीत छापून आली आणि आजही एका कंपनीच्या नेटवर्कच्या आत तिचंच राज्य चालतं. साकोलीहून भंडाऱ्याला जाणारी केबल तुटली की कंपनीचे राउटर आपसांत बोलून घेतात आणि उरलेल्या वाटांपैकी सोयीची निवडतात. घरात सगळं तर्काला धरून. गंमत उंबऱ्यापाशी सुरू होते, कारण इंटरनेट हे एक जाळं नाहीच. आज जगात सत्तर हजारांहून जास्त जाळी एकमेकांना जोडलेली आहेत. प्रत्येकाचा मालक वेगळा, प्रत्येकाला एक क्रमांक: बीएसएनएलचा ९८२९, एअरटेलचा ९४९८, जिओचा ५५८३६. या सत्तर हजारांपैकी कोणीही दुसऱ्याला आपल्या घराचा आतला नकाशा दाखवत नाही. तो व्यापारातला भेद आहे. नकाशाच नाही म्हटल्यावर डाइकस्ट्राची रीत दाराबाहेर चपला सांभाळत उभी राहते.

मग दोन परक्या नेटवर्कांनी एकमेकांना वाट सांगायची कशी? हा प्रश्न सुटला तोही जेवणाच्याच टेबलावर. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरी एका तांत्रिक बैठकीच्या मधल्या सुट्टीत सिस्कोचे कर्क लॉकीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी हात पुसायच्या कागदी रुमालांवर एक आराखडा खरडला. रुमाल दोन होते की तीन, यावर जाणकारांत अजून एकमत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये तो ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’ (बीजीपी) या नावानं प्रसिद्ध झाला. तात्पुरती डागडुजी म्हणून केलेली ही सोय. भारतीय वाचकाला यावरूनच कळायला हवं की ती कायमची टिकणार. १९९४ पासून तिची चौथी आवृत्ती चालू आहे आणि जगातलं कोणतंही पॅकेट, म्हणजे आपल्या ‘हॅलो’चा कोणताही तुकडा, एका कंपनीच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जातो तो या रुमालाच्या आधारानं.

या बीजीपीची रीत समजायला लग्नाचं स्थळ कसं येतं ते आठवावं. साकोलीच्या मुलीला स्थळ येतं ते थेट मुलाकडून येत नाही. लाखनीच्या मावशी सांगतात, त्यांना पवनीच्या आत्यानं सांगितलेलं असतं, आणि आत्याला तुमसरच्या कोणा वकीलसाहेबांनी. मुलगा कसा आहे, घर कुठे आहे, हे कोणीच पाहिलेलं नसतं. हाती असते ती फक्त बातमी कोणाकोणाच्या तोंडून आली याची साखळी. बीजीपीत नेमकं हेच होतं. ‘हे पत्ते माझ्याकडे आहेत’ असं एक नेटवर्क शेजाऱ्याला सांगतं, शेजारी त्यात आपला क्रमांक जोडून पुढच्याला सांगतो, आणि असं करत जगभर साखळ्या पसरतात. साखळीत स्वतःचाच क्रमांक दिसला की बातमी टाकून द्यायची. आपणच सोडलेलं स्थळ गावभर फिरून आपल्याच दारी आलेलं असतं. एकाच पत्त्यासाठी चार साखळ्या आल्या तर त्यातली कोणती धरायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि ठरवताना पहिला प्रश्न अंतराचा नसतो. सांगणारा आपला कोण लागतो, हा असतो.

इथे नाती तीनच. एक गिऱ्हाईक, जो आपल्याला पैसे देतो. दुसरा बरोबरीचा; आपण त्याची रहदारी फुकट घेतो, तो आपली. तिसरा मोठा पुरवठादार, ज्याला आपण पैसे भरतो. गिऱ्हाईकाकडून जाणारी वाट असेल तर तीच पकडायची, कारण तिथे प्रत्येक पॅकेटगणिक आपलं मीटर पडतं. ती नसेल तर बरोबरीच्याकडून, तिथे निदान खिसा हलका होत नाही. पुरवठादाराकडून अगदी नाइलाजानं. राउटरमध्ये यासाठी ‘स्थानिक पसंती’ नावाचा एक आकडा असतो, सहसा न बदलता ठेवला तर १००. जी वाट लाडकी तिचा आकडा वाढवून ठेवायचा, आणि हा आकडा बाकी सगळ्या गुणांच्या आधी पाहिला जातो. त्यामुळे गिऱ्हाईकाची वाट सिंगापूरवरून आणि पुरवठादाराची वाट शेजारच्या खोलीतून असली तरी राउटर शांतपणे सिंगापूर धरतो. ज्या माणसानं मुलीचं लग्न ठरताना ‘आपली माणसं’ हा शब्दप्रयोग ऐकला आहे, त्याला यात नवीन काही वाटायचं कारण नाही.

यावर तांत्रिक शिक्षण घेतलेला वाचक हरकत घेईल, की पुस्तकात तर ‘सर्वांत छोटी साखळी निवडली जाते’ असं लिहिलंय. लिहिलंय, आणि ते खरंही आहे. फक्त ते दुसऱ्या क्रमांकावर लिहिलंय. पसंतीचा आकडा समान आला तरच साखळीची लांबी मोजायची. शिवाय ती लांबी किलोमीटरमध्ये नसते, तर वाटेत किती नेटवर्कं लागली यात असते. अख्खा प्रशांत महासागर ओलांडणारी एक कंपनी म्हणजे लांबी एक, आणि भंडाऱ्याहून वरठीला जाताना दोन कंपन्या लागल्या तर लांबी दोन. त्यातही नेटवर्कवाल्यांनी शोधलेली एक युक्ती फार गोड आहे. आपल्याकडे एखाद्या बाजूनं रहदारी यायला नको असेल, तर त्या बाजूला जाणाऱ्या साखळीत स्वतःचाच क्रमांक तीन-चार वेळा लिहायचा, म्हणजे वाट उगाच लांबलचक दिसते आणि लोक दुसरीकडून येतात. पाहुणे टाळायला दारावर ‘पुढे खड्डा आहे’ अशी पाटी लावण्याचा हा प्रकार संपूर्ण जगात कायदेशीर आहे आणि सर्रास चालतो. साखळ्यांची लांबीही सारखी निघाली, आणखी चार-पाच कसोट्यांतही बरोबरी झाली, तर शेवटी ज्या राउटरचा ओळख-क्रमांक लहान तो जिंकतो. याला काही कारण नाही. कुठेतरी थांबायचं होतं, म्हणून तिथे थांबले.

याच कसोट्यांमध्ये एक आहे, जिच्यामुळे परतीची वाट जाण्याच्या वाटेपेक्षा निराळी होते. दुसऱ्या कंपनीकडे जायचं पॅकेट हातात आलं, की ते आपल्या हद्दीतून जितक्या लवकर बाहेर ढकलता येईल तितकं बरं, कारण आत जितकं फिरेल तितकी आपली केबल वापरली जाते. म्हणून राउटर सर्वांत जवळचं दार शोधतो. पॅकेटच्या मुक्कामाच्या नव्हे, स्वतःच्या जवळचं. समोरची कंपनीही परतताना हेच करते. परिणामी मिलवाल्याचं ‘हॅलो’ मुंबईमार्गे गेलं आणि व्यापाऱ्याचं ‘हां, बोला’ चेन्नईमार्गे आलं, असंही होऊ शकतं. दोघांनाही कळत नाही. एका अर्थानं ही कंजुषी आहे, पण ती चोख आहे: प्रत्येकजण आपलं ओझं कमी करतो आणि सगळे तसंच करत असल्यानं कोणीच कोणावर रुसत नाही.

रुसव्याचे प्रसंग येतात ते बरोबरीवरून. आपण बरोबरीचे आहोत असं एकाला वाटतं आणि दुसऱ्याला वाटत नाही, हे दुःख नेटवर्कांनाही चुकलेलं नाही. २००९ साली हरिकेन इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीनं कोजंट या दुसऱ्या कंपनीला बरोबरीनं जोडून घेण्याची विनंती चक्क केकवर लिहून, तो केक नेटवर्क चालकांच्या परिषदेत आणला. आयसिंगमध्ये दोघांचे क्रमांकसुद्धा होते. केक संपला, जोडणी झाली नाही. पण अशी भांडणं गाजतात ती विरळ असल्यामुळे. २०११ साली पॅकेट क्लिअरिंग हाउस या संस्थेनं जगभरच्या १ लाख ४२ हजारांवर जोडण्यांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या ९९.५ टक्के जोडण्यांमागे कोणताही लेखी करार नव्हता. नुसतं तोंडी ठरलेलं, हातात हात दिलेला. एकरभर धानाची शेती बटाईनं द्यायची तर आपण स्टॅम्पपेपर शोधतो, आणि जगाचा शेअरबाजार, विमानं, बँका आणि झाडीपट्टीतल्या नाटकांची यूट्यूब चित्रणं ज्यावर चालतात ते सगळं शब्दावर चालू आहे.

इथे एक गंभीर हरकत येते आणि ती टाळता येणार नाही. प्रत्येकजण स्वतःपुरतं बघणार, लेखी काही नाही, नकाशा कोणाकडेच नाही. मग हे कोसळत का नाही? आणि कोसळत नसलं तरी त्यापेक्षा एक मध्यवर्ती कार्यालय असावं, त्यानं सगळ्या जाळ्यांचा नकाशा मागवावा आणि देशहिताची वाट ठरवून द्यावी, हे बरं नाही का? पहिल्या भागाचं उत्तर गणितात मिळालं आहे. लिक्सिन गाओ आणि जेनिफर रेक्सफर्ड या दोन संशोधक बायकांनी २००१ मध्ये दाखवून दिलं, की प्रत्येक नेटवर्क आपल्या गिऱ्हाईकाला झुकतं माप देत असेल, मोठ्याकडून ऐकलेली वाट दुसऱ्या मोठ्याला सांगत नसेल, आणि अ ब चा गिऱ्हाईक, ब क चा, क पुन्हा अ चा असं वर्तुळ नसेल, तर कोणीही कोणाला न विचारता सगळ्यांच्या वाटा एका जागी स्थिरावतात. म्हणजे स्वार्थ आहे म्हणूनच व्यवस्था टिकून आहे. प्रत्येकानं उदारपणे कोणाचीही रहदारी कुठूनही न्यायची ठरवली असती, तर वाटा सतत बदलत राहण्याची भीती होती. परोपकारामुळे इंटरनेट डळमळू शकतं, हे गणितातून निघणं थोडं अस्वस्थ करणारं आहे, पण गणिताला कोण काय बोलणार.

मध्यवर्ती कार्यालयाबद्दल एवढंच म्हणेन, की जगातल्या वाटांची यादी आज दहा लाखांच्या घरात आहे आणि ती दर सेकंदाला बदलते. त्यातली प्रत्येक दुरुस्ती टिपणीसह खालून वर जाऊन सहीनिशी वरून खाली येण्याची कल्पना करून पाहावी. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ही यादी पाच लाख बारा हजारांच्या आसपास पोचली, तेव्हा जुन्या राउटरांच्या स्मृतीत तेवढीच जागा ठेवलेली असल्यामुळे जगात ठिकठिकाणी जाळी लटपटली. ते यंत्रांचं झालं. माणसांच्या कार्यालयात तेवढ्या फायली ठेवायला सगळी जिल्हा परिषद रिकामी करावी लागेल. रुमालावरच्या आराखड्याचं खरं बळ इथे आहे: नव्यानं येणाऱ्याला फक्त एक शेजारी पटवावा लागतो, परवानगीसाठी जगाकडे जावं लागत नाही.

अर्थात शेजाऱ्यावर विश्वास ठेवण्याची किंमत असते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान सरकारनं यूट्यूब बंद करायचा हुकूम सोडला. पाकिस्तान टेलिकॉमनं देशातली रहदारी अडवायला ‘यूट्यूबचे पत्ते माझ्याकडे आहेत’ असं आपल्या जाळ्यात जाहीर केलं, आणि ती बातमी चुकून हाँगकाँगच्या पुरवठादारामार्फत जगात गेली. बीजीपीत जो पत्ता जास्त नेमका सांगतो त्याचं ऐकायचं असा दंडक आहे. यूट्यूब १०२४ पत्त्यांचा गठ्ठा सांगत होतं, पाकिस्ताननं त्यातला २५६ पत्त्यांचा तुकडा सांगितला, आणि जगानं आपले व्हिडिओ मुकाट्यानं तिकडे मागायला सुरुवात केली. यूट्यूबनं मग १२८-१२८ पत्त्यांचे आणखी बारीक तुकडे जाहीर करून आपलं घर परत मिळवलं. तोवर दोनेक तास गेले होते. आपणही मागे नाही. १६ एप्रिल २०२१ रोजी भारतातल्या एका मोठ्या नेटवर्कनं पत्त्यांच्या तीस हजारांहून जास्त परक्या गठ्ठ्यांवर नकळत आपलं नाव लावलं होतं. आता पत्त्यांच्या मालकीवर डिजिटल सही करायची पद्धत रुळते आहे, सातबारा पाहिल्याशिवाय व्यवहार नको म्हणतात तशी. पण ती सही जमीन कोणाची एवढंच सांगते. तिथे जायची वाट खरी की थाप, हे तपासायचं काम अजून बाकी आहे.

आता दुसऱ्या टोकाची हरकत: एवढा गवगवा कशाला? काचेच्या तंतूत उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. मिलवाल्याचं ‘हॅलो’ मुंबईवरून यायला नऊ-दहा मिलिसेकंद, केबलची वळणं धरून आणखी थोडं. तेवढ्यात डोळ्याची पापणी अर्धीही लवत नाही. हिशेब बरोबर आहे आणि बोलण्यापुरता तो मान्यही करायला हवा. व्यापारी उत्तर द्यायच्या आधी जितका वेळ भाव मनात मोजतो, त्यापुढे दहा मिलिसेकंद काहीच नाहीत. पण प्रश्न वेळाचा नाही, भिस्त कशावर आहे याचा आहे. भंडाऱ्यातल्या दोन माणसांचं बोलणं शेकडो किलोमीटर चरात पुरलेल्या केबलवर टांगलेलं असतं, आणि त्या चराच्या बाजूनं कुठे ना कुठे रस्त्याचं रुंदीकरण चालू असतं. जेसीबीच्या दाताला बीजीपी कळत नाही. पर्यायी वाट असेल तर ती मिळते, पण नवी साखळी सगळीकडे पोचून वाटा स्थिर व्हायला काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंत वेळ जातो, आणि दोन्ही कंपन्यांच्या केबली एकाच चरात असल्या तर पर्याय हा शब्द निविदेतच राहतो.

दुसरा युक्तिवाद असा करतात, की हल्ली बड्या कंपन्या आपले व्हिडिओ आणि सिनेमे इंटरनेट कंपन्यांच्या आतच साठवून ठेवतात, म्हणून बहुतेक रहदारी लांब जातच नाही. हेही खरं आहे. त्यातून मात्र निघतं ते असं: कॅलिफोर्नियाच्या कंपनीचा कोरियन सिनेमा भंडाऱ्याच्या प्रेक्षकाला जवळून मिळतो, आणि भंडाऱ्याचा आवाज तुमसरला लांबून जातो. परका माल दाराशी, घरचा माल फेऱ्यानं. बाजारपेठेचा अनुभव असलेल्या जिल्ह्याला याचंही आश्चर्य वाटू नये, पण याला उत्तर समजणं कठीण आहे.

उत्तर आहे, आणि ते केबलमध्ये नाही. दोन जाळ्यांना एकत्र यायला जवळची जागा हवी. नैरोबीत एकेकाळी शेजारच्या इमारतीतला ई-मेल उपग्रहामार्गे परदेशात जाऊन परत येत असे, एक-दोन सेकंद घेत असे. तिथल्या कंपन्यांनी नोव्हेंबर २००० मध्ये आपसांत जोडणीचं केंद्र सुरू केलं. सरकारी टेलिकॉम कंपनीच्या तक्रारीवरून ते दोनच आठवड्यांत बंद पडलं आणि २००२ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झालं. मग तोच निरोप सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत पोचू लागला. आपल्याकडे याच कारणासाठी २००३ मध्ये निक्सी ही ना-नफा संस्था निघाली; केंद्रं नोएडा, मुंबई, चेन्नई, कोलकाता. देशातली रहदारी देशातच वळावी हा हेतू उत्तम होता, फक्त पैशाचा नियम असा ठेवला की जो माल मागतो त्यानं द्यायचे. लगेच प्रत्येकानं हिशेबवही उघडली. काही कंपन्या सगळ्या केंद्रांना जोडल्या नाहीत, काहींनी आपल्या सगळ्या वाटा जाहीर केल्या नाहीत, आणि २००७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला निक्सी परिणामकारक कशी करावी यावर शिफारशी लिहाव्या लागल्या. जागा होती, यंत्र होतं, केबल होती. चुकला तो एक दर, आणि पॅकेटं पुन्हा आपल्या जुन्या वाटेनं गेली. इंटरनेटचा मार्ग नकाशा ठरवतो असं अजूनही कोणाला वाटत असेल, तर त्यानं निक्सीचा हा इतिहास सावकाश वाचावा.

म्हणून ‘मग भंडाऱ्यातच एक केंद्र काढा’ या सूचनेला मी हसत नाही, पण तिची अडचण सांगतो. यंत्र म्हणजे एक स्विच, थंड खोली, न जाणारी वीज. तिथवर निधी मिळू शकतो. खोली जिल्ह्याच्या ठिकाणी की तुमसरला की साकोलीला, यावर दोन-तीन वर्षं चर्चाही होऊ शकते. पण दोन मोठ्या कंपन्यांनी तिथे आपापले राउटर आणून ठेवायला हवेत, आणि एवढ्या थोड्या रहदारीसाठी ते ठेवावेत असं त्यांच्या वहीत कुठेच लिहिलेलं नाही. नागपूरला ती बेरीज कदाचित जमेल, चार जिल्ह्यांची रहदारी एकत्र धरली तर. आणि समजा, जमली. खोली झाली, फीत कापली, दोन्ही राउटरांचे हिरवे दिवे लागले. तरीसुद्धा मुंबईच्या वाटेचा पसंतीचा आकडा २०० आणि या नव्या वाटेचा १०० राहिला, तर मिलवाल्याचं ‘हॅलो’ त्या खोलीच्या दारावरून सरळ पश्चिमेला निघून जाईल. तो आकडा बदलायला एक ओळ टाइप करावी लागते. ती टाइप करायचा अधिकार असलेला इंजिनिअर बहुतेक मुंबईच्या कार्यालयात बसतो, आणि त्याला पाठवलेली ई-मेल तेवढी मुंबईमार्गे गेली तर त्यात कोणाला दोष देता येणार नाही.